पीयूष नावानं सेव्ह केलेला नंबर

माझ्या बायकोचा खून कोणी केला यावर हजारो लोक मोबाइलवर चर्चा करतात, हे मला पीयूषच्या मालकानं सांगितलं. पीयूष माझा मुलगा. भिलाईतल्या सुपेल्यात मोटारसायकलच्या शोरूममध्ये तो सेल्सला होता. मालकाचा फोन आला तेव्हा मी स्टील प्लांटमधून शिफ्ट करून येऊन ताटावर बसलो होतो.

"कापगते जी, लडके को कुछ दिन घर पे रखिए," ते म्हणाले. "लोक येतात, गाडी बघत नाहीत, त्याला बघतात. काल दोन पोरं त्याचा व्हिडिओ काढून गेली."

"कशासाठी?"

"आपको नहीं पता?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "लिंक पाठवतो. बसून बघा."

व्हिडिओत शकूचा फोटो होता, पुतणीच्या लग्नातला, हिरव्या साडीतला. बाजूला माझ्या मुलाचा फोटो आणि त्याच्या तोंडाभोवती लाल गोल. खाली हिंदीत लिहिलं होतं, मरण्याआधी आईनं ज्याला फोन केला तोच खुनी आहे का?

शकूला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. मी फर्स्ट शिफ्टला गेलो होतो, पीयूष शोरूमला. दुपारी मी सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरवर परत आलो तर दार उघडं होतं आणि ती सैपाकघराच्या दाराशी पडली होती. डोक्यात मारलं होतं. कपाट उघडं होतं, पण गळ्यातली पोत जागेवर होती. पोलिसांनी खूप लोकांना विचारलं. कोणी सापडलं नाही. नंतर ठाण्यातले साहेब बदलले आणि मी गेलो की नवे साहेब म्हणायचे, कुछ पता चला तो बुलाएंगे. मी तरी जात राहिलो.

व्हिडिओवाल्यांचं म्हणणं सोपं होतं. दार तोडलेलं नाही, पोत गेलेली नाही, म्हणजे घरचाच माणूस. मग त्यांनी एका जुन्या बातमीतला तुकडा दाखवला. त्यात एक शिपाई शकूचा मोबाइल हातात धरून उभा आहे आणि कॅमेऱ्यात त्याची स्क्रीन दिसते. त्या दिवशी तिनं केलेले दोन फोन. एक 'पीयूष', तो उचलला गेला नव्हता. दुसरा 'मोहित'. त्याच्या पुढं पीयूषचा त्याच आठवड्यातला तुकडा, माईकसमोर उभा राहून तो सांगतो, "मम्मी का मुझे उस दिन कोई फोन नहीं आया."

म्हणजे खोटं बोलला. खोटं बोलला म्हणजे त्यानंच केलं. मोहित कोण, तर पुण्याला नोकरी करणारा पुतण्या. तो एवढ्या लांब, म्हणून त्याला त्यांनी सोडून दिलं होतं.

मी पीयूषच्या खोलीत गेलो. तो पलंगावर बसून होता, मोबाइल उलटा ठेवलेला.

"तुले कधीपासून माहीत आहे?"

"पंधरा-वीस दिन से."

"मले कावून नाही सांगतलं?"

"क्या बोलता, पापा? कि सब लोग बोल रहे हैं मैंने मम्मी को..." पुढचं त्याच्या तोंडून आलं नाही. मग म्हणाला, "भूमिकाच्या घरून फोन आला होता. ते म्हणून राहिले, लग्न थोडं पुढं ढकलू. मी जातो इथून. पुण्याला मोहित भैय्याकडं जातो, काही काम पाहतो."

"तू कुठी जात नाही," मी म्हटलं. "गेला तं म्हणतील पळाला. तो फोन तुले नव्हता, मले होता."

"मला माहीत आहे. पोलिसांनापण माहीत आहे. पण यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

तो हसला. खूप दिवसांनी हसला, पण चांगलं हसला नाही. "पापा, वो लोग आपको खा जाएंगे."

व्हिडिओ ज्या ग्रुपनं काढला त्याचं नाव होतं 'भिलाई की अनसुलझी', म्हणजे न सुटलेली प्रकरणं. तिथं सगळे हिंदीत लिहितात, मी इथं मराठीत सांगतो. खरं नाव कोणी लावत नाही. एक होता 'जासूस जी', एक 'कॅम्प वाला', एक 'सुपेला एक्सप्रेस'. शकूला ते 'एस आंटी' म्हणत. आमच्या क्वार्टरचा नकाशा कोणीतरी काढून टाकला होता, त्यात संडास चुकीच्या जागी होता. चहाच्या वेळेला त्यांची गर्दी जास्त. नव्या सिनेमाबद्दल बोलावं तसं ते बोलत.

मी लिहिलं, मी भाऊराव कापगते, शकुबाईचा नवरा. पीयूष निर्दोष आहे. तो फोन मला आला होता.

लगेच हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

"या महिन्यातले हे तिसरे नवरे," सुपेला एक्सप्रेसनं लिहिलं.

"अंकल, पुरावा?" कॅम्प वाला.

"बापाला पण तपासा. बातमीत पाहिलं ना, बायको मेली आणि डोळ्यात पाणी नाही." हे जासूस जी.

मी मोबाइल ठेवून भांडी घासली. परत पाहिलं तर एका मुलीचा मेसेज आला होता. तिचं नाव नीतू. ग्रुप तिनंच सुरू केलेला, दुर्गला वकिलीचं शिकते. तिनं लिहिलं होतं, अंकल, तुम्ही खरंच तेच असाल तर व्हिडिओ कॉल करा.

मी केला. तिनं मला ओळखलं. माझ्या पाठीमागं भिंतीवर शकूचा हार घातलेला फोटो होता, तोही तिनं पाहिला.

"तुझी इच्छा काय आहे, बेटा?" मी हिंदीत विचारलं. "मजा?"

"नाही अंकल. माझी मावशी अशीच गेली, रायपूरला. तिच्यासाठी कोणीच विचारलं नाही. म्हणून हे सुरू केलं." मग म्हणाली, "पण फोनमध्ये पीयूष लिहिलं आहे. मी डोळ्यांना दिसतं ते कसं नाकारू?"

"मी ग्रुपवर सांगतो. सगळ्यांसमोर. तू फक्त मला पूर्ण लिहू दे."

शकूचा फोन अजून ठाण्यात जमा आहे. माझा जुना फोनही पोलिसांनी नेला होता, तो परत आला तेव्हा रिकामा करून आला. म्हणजे दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. जसं होतं तसं सांगणं एवढंच होतं.

शकू माझं नाव घेत नव्हती. आमचं गाव साकोलीकडचं. तिकडच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत आणि भिलाईत एवढी वर्षं काढली तरी तिनं ते सोडलं नाही. लग्नानंतर मला ती "ऐकता का" म्हणायची. पीयूष झाल्यावर "पीयूषचे बाबूजी" म्हणायला लागली आणि पुढं तेही आखडून नुसतं "पीयूष". दारात उभी राहून "ओ पीयूष, जेवाले चला" म्हणायची, तेव्हा आम्ही दोघंही उठायचो. पोराला ती "बाबू" म्हणायची. मोबाइल घेतल्यावर नंबर तिनं स्वतः सेव्ह केले, सातवीपर्यंत शिकली होती. मुलाचा नंबर 'बाबू' आणि माझा 'पीयूष'. त्या दिवशी तिनं मला केला तेव्हा माझा फोन प्लांटच्या गेटवरच्या लॉकरमध्ये होता, आत नेता येत नाही. शिफ्ट सुटल्यावर मी तिचा मिस्ड कॉल पाहिला आणि घरीच तर जातो आहे म्हणून उलट फोन लावला नाही.

हे सगळं मी अंगठ्यानं हिंदीत लिहीत होतो. लोकांना पटावं म्हणून अजून एक गोष्ट लिहायला घेतली. शकू माझंच नाही, माझ्या मोठ्या भावाचंही नाव घेत नव्हती. दादाचं नाव चिंधू. घरात फाटक्या कपड्यालासुद्धा ती कधी चिंधी म्हणाली नाही, फडका म्हणायची. तिच्या माहेरी भावाला सगळे भाऊ म्हणत, ही एकटी दादा म्हणायची, कारण भाऊ माझ्या नावात येतं. तिची बहीण तिला चिडवायची, तुझ्या सासरी अजून चार माणसं असती तर तू मुकी झाली असती.

पुढं मी लिहिलं, माझ्या भावाला ती...

आणि माझा अंगठा थांबला.

माझ्या भावाला ती मोहितचे बाबूजी म्हणायची.

मी खुर्चीवरून उठलो. पाणी प्यायलो. परत बसून स्क्रीनचा तो फोटो पाहिला. पीयूष, मोहित.

मग मी चिंधीची गोष्ट पूर्ण पुसून टाकली आणि फक्त माझ्यापुरतं जे होतं ते पाठवून दिलं.

पहिली काही मिनिटं तेच चाललं. "बढिया कहानी." "अंकल, मुलाला वाचवता आहात, समजतं." जासूस जीनं लिहिलं, "आजच्या जमान्यात कोण बायको नवऱ्याचं नाव घेत नाही? माझी तर माझ्या बापाचंही घेते, शिवी देताना."

मग दामिनी म्हणून एका बाईनं मराठीत लिहिलं. "मी गोंदियाची. माझ्या सासूच्या फोनमध्ये सासऱ्यांचा नंबर माझ्या नवऱ्याच्या नावानं आहे. लग्न झाल्यावर मी तिच्या फोनवरून यांना फोन लावला आणि सासऱ्यांना म्हटलं, येताना गजरा आणा. त्यांनी आणला बिचाऱ्यांनी."

त्यावर पुष्कळ जण हसले, पण ते हसणं वेगळं होतं. राजनांदगावच्या कोणी लिहिलं, आमची आजी पण. डोंगरगढचा एक म्हणाला, माझ्या आईच्या फोनमध्ये माझं नाव शोधायला मला अर्धा तास लागतो, माझ्या नावावर बाप बसला आहे. छत्तीसगढी घरांतल्या पोरींनीही लिहिलं, आमच्याकडंही नाव घेत नाहीत. कॅम्प वालानं लिहिलं, "मग पीयूषला फोन आलाच नव्हता. पोरगा खरं बोलत होता, यार." 

मी पीयूषला हाक मारली. त्यानं माझ्या खांद्यावरून वाचलं.

"पीयूष," मी विचारलं, "पोलिसांनी फोन दाखवला तवा मी दवाखान्यात होतो, तुह्या आईच्या पोस्टमार्टमसाठी. मोहित कोण म्हणून त्यांनी तुले विचारलं होतं?"

"हां."

"तू काय सांगतलं?"

"मोहित भैय्या, पुण्याला असतात. मम्मी कधी कधी फोन करायची. त्यांनी चेक पण केलं, सिम मोहित भैय्याच्याच नावावर निघालं."

ते सिम मोहितच्या नावावर होतं, पण मोहितजवळ नव्हतं. दादा राहतो त्या अहिवाऱ्याजवळच्या खदानीत त्यानं पूर्ण नोकरी केली, दगड हाताळून त्याच्या बोटांचे ठसे गेले आहेत. मशीनवर अंगठा येत नाही. म्हणून मोहितनं आपल्या आधारवर बापाला सिम घेऊन दिलं. घरात तो फोन मथुरा वहिनीजवळ असतो आणि तीच उचलते.

"मले सांग, तुह्या आईच्या फोनमध्ये पीयूष म्हणजे कोण?"

"आप."

"मग मोहित म्हणजे कोण?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच पलंगावर बसला. "बडे पापा," तो म्हणाला.

नीतूचा फोन त्याच वेळी आला. तिलाही दिसलं होतं.

"अंकल, मोहित कोणाचा मुलगा?"

"माझ्या मोठ्या भावाचा," मी म्हटलं.

"मला आता दिसलं, बाकीच्यांना उद्या दिसेल. ग्रुप माझा आहे, पण त्यातली डोकी माझी नाहीत. पीयूषवरून उठतील आणि त्यांच्यावर बसतील."

"उद्या संध्याकाळपर्यंत ग्रुप बंद ठेवता येतो?"

"ठेवते. शिव्या खाईन, पण ठेवते." मग तिनं विचारलं, "तुम्ही त्यांना लपवणार तर नाही ना?"

"बेटा, दोन वर्षं ठाण्याच्या बाकावर बसलो आहे. कोणाला लपवण्यासाठी नाही बसलो."

सकाळी मी सुट्टी टाकली आणि स्कूटरनं अहिवाऱ्याला निघालो. पीयूष येतो म्हणाला, मी नाही म्हटलं. रस्त्यात मला एकच गोष्ट आठवत होती. शकूची बातमी द्यायला मी दादाला फोन लावला होता. नेहमी वहिनी उचलते. त्या दिवशी दादानं उचलला. आणि अहिवाऱ्याहून यायला जेवढा वेळ लागतो तेवढाही त्याला लागला नाही. ऑटोत पंपाची मोटार घेऊन आला होता. म्हणाला, सुपेल्यात जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगला आलो होतो. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, माणूस जवळ होता.

दादा अंगणात खाटेची पट्टी ताणत होता.

"ये भाऊराव. आज कसा काय? सुट्टी आहे का?"

"घेतली."

वहिनी बाहेर आली. "बसा भाऊजी, चहा मांडते."

"चहा मागून, वहिनी. तुमी बी बसा इथंच." मी उभाच राहिलो. "दादा, शकूनं त्या दिवशी तुले फोन केला होता."

"कोण्या दिवशी?"

"तुले माहीत आहे कोण्या दिवशी."

"काय बोलून राहिले भाऊजी?" वहिनी म्हणाली. "फोन तं माह्याजवळ राह्यते."

"त्या दिवशी दादा घेऊन गेलता. मोटार भराले."

वहिनीनं दादाकडं पाहिलं. दादानं पट्टी सोडली नाही, पण ताणणंही थांबलं. 

"आलता फोन," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मोहितचे बाबूजी, तो कार्डवाला परत आला आहे, क्वार्टरचं नवं कार्ड बनवाचं म्हणते, कागद मागून राहिला. पीयूषचे बाबूजी फोन उचलत नाही. तुमी सुपेल्यात असान तं जरा येऊन जा. मी म्हटलं येतो. दुकानवाल्यानं मोटार खोलून ठेवली होती, ते सांगून निघाले वेळ लागला."

"मंग आलता तू?"

"आलतो." त्याचा आवाज खाली गेला. "एक पोरगा तुह्या पायरीवर बसून बूट घालत होता. लेस बांधत होता. मले पाहून म्हणाला, नमस्ते चाचा. आरामात गाडी काढली अन् गेला. मी फाटकापाशी उभा राहिलो. हाक मारली, पीयूषची आई. आवाज नाही. दार उघडं. मले तिचे पाय दिसले, भाऊराव."

वहिनीनं पदर तोंडाला लावला.

"अन् तू आत नाही गेला."

"कसा जाऊ? घरात भावसून एकटी. एवढ्या वर्षांत म्या कधी तिच्यासमोर उंबरा ओलांडला का? तू नसला तं फाटकावरूनच भाजी देऊन जावो. मले वाटलं चक्कर आली असन, शेजारणीले बोलवाव. शेजारी कुलूप होतं. मंग मले भेव सुटलं. कोणी पाह्यलं तं म्हणन, नवऱ्याचा मोठा भाऊ, भासरा माणूस, भावसुनेच्या घरी दुपारी काय करून राहिला? मी निघून गेलो. वाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसलो. तुह्या फोनची वाट पाहत बसलो."

"दोन वर्षं?"

"आज सांगन, उद्या सांगन, असं करून राहिलो. जेवढे दिवस गेले तेवढं अवघड झालं."

"पीयूषचा व्हिडिओ पाह्यला का तू?"

त्याच्या आधी वहिनी बोलली. "मोहितनं पाठवला होता. हे जेवले नाही दोन दिवस. मले वाटलं, पुतण्याच्या काळजीनं." मग ती दादाकडं वळली. "तुमी पाहून राहिले होते त्या पोराले लोकं खुनी म्हणतात, अन् तुमी गप बसले? जन्मला तवा त्याची छठी म्या केली."

"मले खुनी म्हणतीन आता," दादा म्हणाला.

"म्हणतीन," मी म्हटलं. "काही दिवस म्हणतीन. पोरगा सव्वीस वर्षांचा आहे, त्याचं लग्न थांबलं, नोकरी थांबली. तुह्यं काय थांबणार आहे? चाल."

"कुठी?"

"ठाण्यात."

"उद्या जाऊ. मोहितले विचारतो."

वहिनी आत गेली आणि इस्त्री केलेला शर्ट घेऊन आली. "घाला. नाही गेले तं मी जाते यांच्या मागं बसून, अन् तुमी काय सांगतलं ते मीच सांगते."

दादानं शर्ट घातला. बटणं वहिनीनं लावून दिली.

स्कूटरवर तो माझ्या मागं बसला. एक गोष्ट मला माहीत होती जी त्याला माहीत नव्हती. डॉक्टरनं मला सांगितलं होतं की शकू मार लागताच गेली, पडल्यावर कोणी काही करू शकलं नसतं. दादा दोन वर्षं हेच डोक्यात घेऊन फिरत असणार की आत गेलो असतो तर वाचली असती. मी त्याला रस्त्यात सांगितलं नाही. मला वाटलं, ओझं उतरलं तर हा सुपेल्याच्या चौकात उतरून जाईल. आणि मला रागही होता, ते खोटं कशाला सांगू.

ठाण्यातल्या साहेबांनी मला पाहून नेहमीसारखं म्हटलं, "कापगते जी, अभी कुछ नहीं."

"आज मी घेऊन आलो आहे," मी म्हटलं.

ते तरुण आहेत, नवे आहेत. त्यांनी आधी कंटाळून ऐकलं. दादा सांगत सांगत पायरीवर बसून बूट घालणाऱ्या पोरापर्यंत आला तेव्हा त्यांनी हात वर केला. "रुको. जूते पहन रहा था? मतलब उतारे थे?"

"हो साहेब. लेस बांधत होता."

"म्हणजे तिनं त्याला आत बसवलं होतं. आणि 'परत आला' म्हणाली?"

"परत आला आहे, अशी म्हणाली."

"चेहरा याद है?"

"म्या कोणाशी बोललो नाही साहेब, पण तोंड रोज दिसते."

साहेबांनी शिपायाला जुनी फाइल काढायला सांगितली. दादाला ओरडले पण. दोन वर्षं कुठं होता, पुरावा दडवणं म्हणजे काय, माहीत आहे का. दादा मान खाली घालून ऐकत राहिला. मी मधे पडलो नाही. बयान लिहून झालं, साहेबांनी वाचून दाखवलं. अंगठ्याचा ठसा नीट उठेना म्हणून दादानं सही केली. सही करायला त्याला वेळ लागला.

बाहेर आल्यावर फाटकापाशी मी त्याला डॉक्टरचं सांगितलं.

तो तिथंच भिंतीला टेकून बसला. "हे तू मले आता सांगून राहिला?"

"हो. आता."

त्यानं मला शिवी दिली, मग तोंडावर गमछा घेतला. मी बाजूला उभा राहिलो.

साहेबांना जागा पाहायची होती, म्हणून दुपारी आम्ही सगळे क्वार्टरवर आलो. दादा कुठं उभा होता, पोरगा कुठं बसला होता, गाडी कुठं होती, ते त्यांनी पाहून घेतलं. मग म्हणाले, अंदर आओ, पाय कुठून दिसले ते दाखव. दादा फाटकाजवळच थांबला. एवढ्या वर्षांची सवय.

पीयूष दारात आला. दादाकडं पाहून त्याचा चेहरा कडक झाला. दादाच म्हणाला, "बाबू, मी..."

"बाद में, बडे पापा," पीयूष म्हणाला. "पहले साहब को दिखाओ." आत जाऊन त्यानं खुर्ची उचलली. दादासाठी ती आम्ही नेहमी व्हरांड्यात ठेवायचो. त्यानं ती खोलीत ठेवली, शकूच्या फोटोखाली. दादा आत आला.

संध्याकाळी मी नीतूला फोन केला. दादाचं नाव ग्रुपवर येऊ द्यायचं नाही, बयान झालं आहे, एवढं सांगितलं. साहेबांना विचारून एक प्रश्न तिला दिला, आणि तिनं ग्रुप उघडून सगळ्यात वर तो टाकला. सेक्टरमध्ये त्या वर्षी क्वार्टरचं नवं कार्ड बनवायला म्हणून कोणी पोरगा तुमच्या घरी आला होता का? घरातल्या बायांना विचारा. त्याच्याखाली तिनं लिहिलं, पीयूषबद्दलचे सगळे व्हिडिओ काढले आहेत, आम्ही चुकलो.

जासूस जीनं लिहिलं, "बाप-बेटा मॅनेज करून गेले." तिनं त्याला काढून टाकलं.

मग उत्तरं यायला लागली. सुपेला एक्सप्रेसनं लिहिलं, "मम्मीला विचारलं. आमच्याकडं आला होता, सेक्टर चारला. मम्मीनं पाणी दिलं होतं. म्हणते, बूट दाराबाहेर काढून आला, संस्कारी वाटला." नंतर सेक्टर सातहून एक. नंतर दामिनीनं लिहिलं, तिची नणंद सेक्टर पाचला असते, तिच्याकडून कागदांच्या झेरॉक्स नेल्या आणि परत आलाच नाही. हे सगळं मी साहेबांना पाठवत गेलो. ते "ओके" लिहीत. शेवटी त्यांनी लिहिलं, या बायांना उद्या घेऊन या.

शोरूमच्या मालकाचा फोन आला. पीयूषला म्हणाले, सोमवारपासून ये. पीयूषनं विचारलं, "मंगळवारी आलो तर चालेल? सोमवारी ठाण्यात काम आहे." ते हो म्हणाले. भूमिकाच्या घरून अजून काही आलं नाही. मी स्वतः जाऊन बोलणार आहे, पण आधी हे.

दादा त्या दिवशी अहिवाऱ्याला परत गेला नाही. वहिनीला फोन करून त्यानं सांगितलं, ठाण्यात फोटो दाखवणार आहेत, उद्याही, परवाही, जेवढे दाखवतील तेवढे. पहिल्या दिवशी त्यांनी पुष्कळ फोटो दाखवले. त्यात तो पोरगा नव्हता. दादा प्रत्येक फोटोजवळ थांबत होता, घाई करत नव्हता. साहेब म्हणाले, और मंगवाते हैं, बुधवार को आओ.

बुधवारी माझी सेकंड शिफ्ट आहे. आम्ही सकाळी जाऊ.